एका कान्यात मुलगा

दिवाळी अंकाच्या कमिटीवर चार वर्षं काढली की अक्कल वाढत नाही, किस्से मात्र ढिगानं साठतात. आमच्या रत्नागिरीच्या कमिटीत तर अक्कल आधीपासूनच बेताची! ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अध्यक्ष आप्पा, रिटायर्ड हेडमास्तर. खजिनदार शेठ, मासळीचे व्यापारी. आणि प्रूफं तपासायला मी, म्हणजे होयबा.

त्या वर्षी विजया नावाची कॉलेजातली मुलगी सोळा पानांची चित्रकथा घेऊन आली. हर्णैची एक कोळ्याची पोर आणि भरतीबरोबर किनाऱ्याला येणारी समुद्रातली मुलगी. दर्यातल्या पोरीला जो गोडं पाणी पाजेल त्याची ती होते, असं तिकडच्या बायका सांगतात म्हणे. इथं पाणी पाजते ती कोळ्याची पोर, आणि दोघी एकमेकींच्या प्रेमात पडतात.

विजयाची अट एकच. "जसं काढलंय तसंच छापा. आणि दिवाळीच्या आत. सुलू दिवाळीनंतर मिरजेला नर्सिंगला जातेय. त्याआधी तिच्या हातात अंक पडायला हवा."

सुलू म्हणजे तिची मैत्रीण. रोज प्रेसच्या पायरीवर बसून असायची. तिला आत ये म्हणायचं आम्हाला कधी सुचलं नाही.

* * *

आप्पांनी कथा वाचून चष्मा काढला. "काय गो, दोन मुली? एकमेकींवर प्रेम? लोकांना पटेल काय हे?"

"कमरेखाली मासा असलेली पटते ना?" विजया म्हणाली.

आप्पांनी चष्मा परत घातला आणि चहा मागवला. चर्चा तहकूब!

* * *

शेठनी प्रेमाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांचं दुःख वेगळंच. "तिसऱ्या पानावर शेपटी सुरमईची, नवव्यावर बांगड्याची! गिऱ्हाइकाला फसवतेस काय गो?"

दीड तास बैठक शेपटीवर चालली. दोघी हातात हात घेऊन बसल्या आहेत ते पान विजयानं जीव ओतून काढलं होतं. शेठनी त्यावर बोट ठेवलं. "ही काय ताजी दिसत नाय. कल्ले कुठायत?"

* * *

शेवटी आप्पांना युक्ती सुचली. समुद्रातल्या मुलीला मुलगाच करून टाकायचं! चित्रं तीच, फक्त तिचं बोलणं बदलायचं. 'मी आले'पुढे एक काना ओढला की झालं 'मी आलो'. हे पुण्यकर्म अर्थातच माझ्याकडे आलं.

"तुम्हाला पटतंय हे?" विजयानं विचारलं.

"कमिटीचा निर्णय आहे," मी म्हणालो. इतकं भिकार वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

ती कथा परत घेऊन जाईल असं वाटलं होतं. पण दिवाळी तोंडावर आली होती, आणि कथा परत नेली तर सुलूच्या हाती काहीच पडणार नव्हतं. तिनं कथा टेबलावरच राहू दिली. मी मुकाट्यानं काने देत गेलो.

* * *

आप्पांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं, माहेर कोल्हापूर. चहा घेऊन आल्या आणि प्रूफं चाळायला लागल्या. "दोघी पोरी किती ग्वाड काढल्यात!"

"त्यातला एक मुलगा आहे," आप्पा म्हणाले.

"कशावरनं?"

"अगं, 'आलो' म्हणतोय ना तो!"

"मग मी काय म्हणतो रोज? चहा घेऊन आलो, म्हणतो की! मी काय बाप्या व्हय?"

आप्पांनी बारीक ब्रश मागवला आणि समुद्रातल्या मुलीला सोळाच्या सोळा पानांवर मिशी काढली.

* * *

प्रकाशन शाळेच्या हॉलमध्ये झालं. सगळ्यांच्या हातात अंक. आप्पा माइकवर भलतेच खुशीत. विजयाला स्टेजवर बोलावून म्हणाले, "काय हात आहे पोरीचा! हा राजबिंडा तरुण बघा. चेहरा कसा जिवंत उतरलाय! कोणाला बघून काढलास गो?"

विजया मान खाली घालून उभी. मला आप्पांची चीड आली, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची.

तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसलेली सुलू उठली. आईनं तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला.

"मला बघून, आप्पा. मिशी तेवढी तुमची!"