मानेवरची फुंकर

सलूनवाला मुळात बोलघेवडा, पण दुकानाला कुलूप लागलं आणि त्याची बोलतीच बंद झाली. साथ आली आणि पहिली कुऱ्हाड त्याच्यावर कोसळली. साहजिकच आहे म्हणा, गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ तोंड नेल्याशिवाय ज्याचं काम होत नाही, त्याला अशा दिवसांत कोण दारात उभं करणार? बायको इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायची. तिचाही पगार निम्म्यावर आला होता आणि त्या निम्म्यातच दोघं कसंबसं भागवत होती.

अशात मास्तरांचा फोन आला. त्याचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, वय ऐंशीच्या घरात.

"अरे, आरशात बघितलं की माझी मलाच भीती वाटते. घरी येऊन उरक एकदाचं."

त्याला हायसं वाटलं. मास्तरांनी शब्द टाकला की अख्खी गल्ली त्याला घरी बोलावणार होती.

व्हरांड्यात खुर्ची मांडली होती. त्यानं प्लास्टिकचा झगा घातला, हातमोजे चढवले, मास्क घट्ट बांधला. मास्तरांची सून डोळ्यांत तेल घालून दारात उभी होती. घरात तान्हं बाळ, तिचं तरी काय चुकलं? इतक्यात बाळ रडलं आणि ती आत गेली. याच्या चष्म्यावर वाफ धरली, समोरचं दिसेना, म्हणून त्यानं मास्क हनुवटीखाली ओढला. केस कापून झाले. त्यानं ब्रश फिरवला, आणि तीस वर्षांची सवय, वाकून मास्तरांच्या कानामागे फुंकर मारून बारीक केस उडवले.

मारली आणि काळजात धस्स झालं. पण मास्तर हूं की चूं करेनात. सुनेनंही पाहिलं नव्हतं.

घरी आला तर बायको पांघरूण घेऊन पडलेली.

"अहो, जवळ येऊ नका. अंग फणफणलंय."

तिची तपासणी झाली आणि नको तेच निघालं. आता याला ना घास गिळवेना, ना डोळा लागेना. मास्तरांच्या घरी सांगावं, तर गल्लीभर बभ्रा होणार आणि उरलासुरला धंदाही बसणार. न सांगावं, तर मन खाणार.

"त्या घरात बाळ आहे हो," पडद्यापलीकडून बायको म्हणाली. एवढंच म्हणाली.

शेवटी त्यानं मास्तरांनाच फोन लावून बायकोच्या आजाराचं सांगितलं आणि चाचरत फुंकरेवर आला. ते हळू आवाजात बोलले. "फुंकर ना? कळली होती मला. पोट बिघडलंय असं सांगून तेव्हापासून माडीवरच्या खोलीत पडून आहे. ताट दाराशी ठेवून जातात."

"मग घरी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुला पुन्हा कुणी उंबऱ्याशी येऊ दिलं असतं का? तूही गप्प राहा. बायकोकडे बघ."

"मास्तर, ताप आहे का तुम्हाला?"

"या वयात थोडी कणकण असायचीच," ते म्हणाले आणि कितीतरी वेळ खोकत राहिले.

तेव्हाच सुनेला फोन करायचा, पण याची जीभ रेटली नाही. मास्तरच गप्प राहा म्हणाले ना, अशी मनाची समजूत घालत तो रात्रभर तळमळत राहिला. सकाळी त्यानं मास्तरांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तीच गत. मग मात्र त्यानं सुनेचा नंबर लावला.

"ताई, मास्तरांचं पोट बिघडलेलं नाही. माझ्या बायकोला साथीचा आजार झालाय आणि मी मास्क काढून त्यांच्या मानेवर फुंकर मारली होती. ते फोन उचलत नाहीत. आधी वर जाऊन बघा. मग मला काय वाटेल ते बोला."

फोन तसाच हातात घेऊन सून धावत जिना चढल्याचं त्याला ऐकू आलं. मग दारावर थापा, आणि तिची हाक, "बाबा, दार उघडा. बाबा."

तो फोन कानाला गच्च धरून उभा होता. कडी निघाल्याचा आवाज काही केल्या येईना.