झेन मावशी

गंगापूर रोडच्या त्या योगकेंद्रात कुसाबाई सहा वर्षं झाडलोट करत होती. मूळची पेठकडची. गावी नवरा केरू भात-नागली बघायचा आणि ही लेकीच्या शिक्षणासाठी मखमलाबादला खोली घेऊन राहिलेली. बोलघेवडी बाई. तिचं हसणं पार फाटकापर्यंत ऐकू यायचं. त्यावरून केंद्राच्या मालकीणबाई, मोहिनी मॅडम, तिच्यावर दोनदा रागावल्याही होत्या.

श्रावणात तिची हर्षाली गेली. एकोणीस वर्षांची पोर, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कावीळ झाली आणि नऊ दिवसांत सगळं आटोपलं. कुसाबाईने केंद्रात "घरी आजारपण हाय" एवढंच कळवलं होतं. दिवस उरकून ती परतली आणि मुकाट कामाला लागली. काय झालं ते तिने सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

तिच्यातला बदल मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. पुसलेल्या फरशीवर कोणी चहा सांडला तरी ती चकार शब्द काढायची नाही. फडकं घेऊन बसायची. "मावशी किती झेन झाल्यात ना!" वर्गातल्या बायका म्हणायच्या. मग तेच नाव पडलं, झेन मावशी.

एकदा तिने रिसेप्शनवरच्या निकिताला गाठलं. "निकिताताई, झेन म्हंजे काय वो?"

निकिता हसली. "जपानी शब्द आहे, मावशी. बुद्धधर्मातला एक पंथ. पण मूळ शब्द आपलाच, ध्यान. आता मात्र कोणी चिडलं नाही, रडलं नाही, काहीही झालं तरी शांत राहिलं, की लोक म्हणतात, काय झेन आहे! तुम्ही आहात तशा."

"बरं," म्हणून कुसाबाई बादली उचलून गेली.

पुढच्या रविवारी वर्ग संपल्यावर मोहिनी मॅडमनी तिला हाताला धरून सगळ्यांपुढे उभं केलं. "आपण इथे शांत व्हायला शिकतो. ह्यांना ते आपोआप जमलंय. सांगा ना मावशी, कसं जमतं?"

चटयांवरची तीसेक माणसं कौतुकाने बघत होती. कुसाबाईने पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली सोडला.

"मी शांत नाय, मॅडम. माझी हर्षाली गेली. श्रावणात. तवापासून तोंडातून शब्दच फुटत नाय. ध्यान म्हणता, तर माझं समदं ध्यान तिच्यातच हाय. झाडताना, पुसताना. तुम्ही काय बोलता ते बी कधी कधी ऐकू येत नाय."

मोहिनी मॅडमनी तिचा हात सोडला, मग पुन्हा धरला. "मावशी, तुम्ही सांगितलंच नाहीत..." त्यांनी आठ दिवसांची रजा देऊ केली. कुसाबाईने नको म्हटलं. खोलीत एकटीने करायचं काय?

त्यानंतर ते नाव बंद झालं. पण बायका आता तिला पाहून आवाज खाली आणायच्या, वाट बदलायच्या. तेही तिला जडच गेलं.

निकिता तेवढी बुधवारी डबा घेऊन मागच्या पायरीवर तिच्याशेजारी येऊन बसली. डबा उघडून तिने अर्धी पोळी तिच्या हातात दिली. मग म्हणाली, "मी तुम्हाला शब्दाचा अर्थ सांगत बसले, मावशी. तुम्हाला काय झालंय ते विचारलं नाही. कशी होती हो हर्षाली?"

"लय झोपाळू," कुसाबाई म्हणाली. "सकाळी उठवता उठवता माझा..."

श्रावणापासून पहिल्यांदाच ती ओक्साबोक्शी रडू लागली. आत दुपारचा वर्ग चालू होता, आवाज तिथवर जात होता. निकिताने उठून दार लावलं नाही.