मागचा कचरा

आमच्या साडूंनी आर्वीतून जितकी माणसं नाहीशी केली, तितकी कुठल्या साथीनंही केली नसतील. पोलिसात त्याची नोंद नाही, कारण साडूंचा फोटो स्टुडिओ आहे आणि ते पुतळ्यांचे फोटो काढतात. जयंती जवळ आली की गावातल्या प्रत्येक मंडळाला फ्लेक्स लागतो, फ्लेक्सवर पुतळा लागतो, आणि पुतळ्यामागे निळ्या आभाळाशिवाय काही चालत नाही. निदान साडूंना चालत नसे. विजेच्या तारा, चहाची टपरी, डेपोतून निघालेली एसटी, बकऱ्या, रसवंतीच्या बाकावर बसलेली चार माणसं, या सगळ्यांना मिळून त्यांचा एकच शब्द होता : कचरा. "मागचा कचरा काढतो अन् देतो," असं गिऱ्हाइकाला सांगून ते कॉम्प्युटरसमोर बसत आणि माझ्या डोळ्यांदेखत जितीजागती माणसं आभाळात विरून जात. एकदा त्यांनी आख्खं कडुलिंबाचं झाड उडवलं. मी हादरून ओरडलोच, "अहो, केवढं जुनं झाड ते!" त्यावर शांतपणे म्हणाले, "झाड चौकात हाय ना अजून? मंग काऊन घाबरून राह्यले साडूभाऊ?"

पुतळा कोणाचा ते मी सांगणार नाही. सांगितल्यावर आपल्याकडे काय काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. भाजीबाजाराच्या तोंडाशी, छातीएवढ्या चबुतऱ्यावर बसवलेला तो अर्धपुतळा आहे, एवढं पुरे. त्याच्यामागे साडूंनीच छापलेला गेल्या जयंतीचा फ्लेक्स वर्षभर लोंबत असायचा, आणि यंदाच्या फ्लेक्ससाठी साडू तो स्वतःच पुसायचे. आपण केलेलं काम आपणच कचऱ्यात काढताना त्यांचा हात एकदाही अडखळलेला मी पाहिला नाही. एका वर्षी तर कहर झाला. वॉर्डातल्या एका पुढाऱ्यानं पुतळ्याला हार घालतानाचा फोटो काढून घेतला. फ्लेक्स चौकात लागला तेव्हा त्यावर पुतळा होता, हार होता, हार धरलेले दोन हात होते आणि त्या हातांना माणूसच नव्हता. दहा-बारा कार्यकर्ते दुकानात घुसले, "आमचे भाऊ कुठं गेले?" मी गल्ल्यामागे लपण्याच्या बेतात होतो. साडू चष्मा पुसत म्हणाले, "हात पुतळ्याच्या पुढं होते, म्हून ठेवले. बाकीचे भाऊ मागं होते."

त्यांची ही नजर दुकान बंद केल्यावरही मिटत नसे. तुम्ही त्यांच्याशी बोलायला लागलात की ते तुमच्या खांद्यावरून पलीकडे बघत. मग हळूच दोन पावलं डावीकडे सरकत आणि तुम्हालाही दंडाला धरून सरकवत. एका लग्नाच्या मांडवात माझ्या सासऱ्यांना त्यांनी असं तीनदा सरकवलं. "तुमच्या डोक्यातून खांब निघून राह्यला होता मामाजी," म्हणाले. सासऱ्यांनी घाबरून डोकं चाचपून पाहिलं होतं.

या माणसाबरोबर माझ्या मोठ्या मेहुणीनं, म्हणजे ताईंनी, उभा जन्म काढला. उभा असं मी मुद्दाम म्हणतो, कारण त्यातला बराचसा पुतळ्यामागे पांढरी चादर धरून उभं राहण्यात गेला. मागे पांढरं असलं की पुतळा कापून काढायला सोपा जातो, हा साडूंचा शोध. लुनावर मागे बसून, मांडीवर घडी घातलेली चादर घेऊन ताई जायच्या, स्टुलावर चढायच्या आणि दोन्ही हात वर करून उभ्या राहायच्या. "वर धर वो, अजून वर!" इकडून हुकूम सुटायचा. "धरून राह्यली ना! हात तुटले माय," तिकडून चादरच बोलायची. बाजारातल्या बायका हसायच्या. ताईही हसायच्या, पण चादर खाली येत नसे. घरी आल्यावर साडू चादर पुसायचे, चादरीच्या कडांवरची ताईंची बोटं पुसायचे, स्टूल पुसायचे. फोटो "साफ" झाला की मूळचा ठेवत नसत; कचरा कोणी जपून ठेवतो का?

अशाच एका रविवारी मी आमच्या पुलगावहून आर्वीला आलो असताना त्यांच्याबरोबर चौकात गेलो होतो. साडू कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होते. तेवढ्यात एका बकरीनं चादरीचं टोक तोंडात धरलं आणि ओढायला सुरुवात केली. ताई स्टुलावरून चादर ओढताहेत, बकरी खालून ओढते आहे, आणि ताई इतक्या हसताहेत की पदर कुठे गेला याचं भान नाही. मी मोबाइल काढून फोटो घेतला. साडूंनी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "हा फोटो हाय का बाजार? डिलिट करजा आधी." मी हो म्हटलं आणि केला नाही. त्यात प्रेम वगैरे काही नव्हतं, मला कुठलीच गोष्ट वेळेवर करायची सवय नाही.

गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ताई गेल्या. तेरवीसाठी फोटो हवा होता. लग्नातला होता, पण त्यात मुंडावळ्यांमागे चेहराच दिसत नव्हता. आधार कार्डावर त्या एखाद्या चोरीत सापडल्यासारख्या दिसत होत्या. नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये सापडल्या त्या पंगतीत वाढताना, पाठमोऱ्या. "माह्यापाशी असन ना," साडू खात्रीनं म्हणाले, "सगळ्याच फोटोत तं हाय!" आणि त्यांनी कॉम्प्युटर लावला. पुतळा, निळं आभाळ. पुतळा, निळं आभाळ. शेकडो फोटो सरकत गेले आणि आभाळात एक बोटसुद्धा सापडेना. माझी बायको रडवेली होऊन म्हणाली, "भाऊजी, अख्ख्या गावाचे फोटो काढले तुम्ही, माह्या बहिणीचा एक नाई?" साडूंचा माउसवरचा हात थांबला. "म्याच पुसलं तिले," एवढंच ते बोलले.

मग मला बकरी आठवली. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला, मोठा केला आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. बायको म्हणाली, फक्त ताईचा चेहरा कापून घ्या, बाकीचं काढून टाका. साडूंनी मान हलवली.

"याच्यात कचरा एकच हाय, पुतळा," ते म्हणाले. "पण तो काढला तं हे चादर घेऊन कोणासाठी उभी हाय, ते कसं समजन लोकाईले?"

तेरवीला तोच फोटो लागला. पुतळा, बकरी, एसटी, तारा, आणि कोपऱ्यात चादरीवरून हसणाऱ्या ताई. हार इतका मोठा होता की ताई झाकल्या जाऊ नयेत म्हणून साडू दर थोड्या वेळानं उठून तो बाजूला सारत होते. एक म्हातारे पाहुणे पुतळ्याला हात जोडून विचारून गेले, "आज जयंती हाय का?" कोणालाच हसू आलं नाही. ताई असत्या तर त्या हसल्या असत्या.

परवा आर्वीला गेलो तर चौकात यंदाचा फ्लेक्स लागला होता. मी बघतच राहिलो. साडूंनी काहीच पुसलं नव्हतं. टपरी होती, तारा होत्या, कडुलिंब आख्खा होता. पुतळा मधोमध नव्हता, जरा एका बाजूला सरकलेला होता, आणि त्याच्यामागे एका माणसापुरती मोकळी जागा होती. ती त्यांनी साफ केलेली नव्हती. तिथे कोणी उभंच नव्हतं.