सुभद्राच्या गालातला डाग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवालाही नाही — देवाचं तर नाव घेऊनच खोटं बोलले, ते पुढं येईल. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तर जीभ उचलते आहे. ओळखत असता तर उचलली असती का? नसती.

मला कॅन्सर झाला तेव्हा आमच्याकडं त्याचं नावही कुणी घेत नसे. ‘तो रोग’ म्हणायचे, तेही आवाज खाली आणून. भैरवनाथाच्या सोनारीपासून दोन कोसांवर आमचं गाव. माझ्या डाव्या गालात एक जखम झाली होती, ती काही भरेना. मिश्रीनं झालं, डॉक्टर म्हणाले. मिश्री आम्ही बायकांनी धरली ती बहात्तरच्या दुष्काळात. तलावाच्या कामावर खडी फोडताना पोटात आग पडायची. मग भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दातांना चोळायची, चिमूटभर गालात धरायची — भूक मरते. तलाव झाला, पाऊस आला, मिश्री तेवढी राहिली. सुभद्राला, माझ्या धाकट्या जावेला, मीच शिकवली. दोघींत एकच डबी. पण मला सांगायचंय ते हे नव्हे. मिश्री सगळं गाव लावायचं. मी आपली भलतीकडंच चालले आहे, बघा.

सोलापूरच्या दवाखान्यात सव्वा महिना रोज किरणांचा शेक घ्यायचा होता. मशीनखाली निजवतात, सगळे बाहेर जातात, जाड दार लागतं, आणि आत आपण एकटे. मला मरणाची भीती होतीच, पण खरं सांगू? एकटीनं मरायची जास्त होती.

सोबत कोण येणार होतं? मालक दूध संस्थेचे सचिव — दोन्ही वेळा दूध घ्यायला त्यांना हजर राहावंच लागे. आणि ते तर माझ्याहून घाबरले होते. सासूबाईंनी माझा तांब्या वेगळा केला. सख्खी बहीण आली ती उंबऱ्याबाहेरूनच बोलून गेली. सुभद्रानं मात्र चार वर्षांची मंगल सासूबाईंजवळ ठेवली, दोन लुगडी बोचक्यात बांधली. म्हणाली, “चला बाई. मी हाय की.”

दवाखान्यासमोरच्या धर्मशाळेत आम्ही उतरलो, तिथं ती माझ्याच ताटात जेवायची. दवाखान्यात त्या दाराबाहेर बसून मोठमोठ्यानं बोलायची — शेळी व्यायली असेल, मंगल रडत असेल, काहीही. नर्स रागवायची. आत मला एक अक्षर ऐकू येत नसे. पण ती बाहेर बोलते आहे, एवढं मला पुरायचं.

पंधराएक दिवस झाले असतील. सकाळी नळावर तोंड धुताना तिनं खुळखुळून पाणी थुंकलं आणि माझ्यापुढं आ केला. “बाई, जरा बगा वो. तिखट लई झोंबायलंय. दोन महिनं झालं.”

ऊन थेट तिच्या तोंडात पडलं होतं. उजव्या गालात पांढरा डाग. मध्ये लाल. मी बोट लावून पाहिलं — कडा टणक लागल्या. माझा सुरुवातीला अगदी तसाच होता. आणि डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, असा डाग कुणाच्या तोंडात दिसला तर त्याच दिवशी घेऊन या, लवकर आलेलं माणूस वाचतं. दवाखाना कितीसा लांब होता? रस्ता ओलांडायचा. आम्ही तिथंच तर निघालो होतो!

मला काय वाटलं, सांगते. तिला आत खाटेवर निजवलं, तर माझ्या दाराबाहेर कोण बसणार? — एवढंच. मंगल आठवली नाही. कुणीच आठवलं नाही.

“तोंड आलंय गं,” मी म्हणाले. “तूप लाव.” वर, तिनं मागितली नसताना, भैरवनाथाची आण घेतली.

तिनं लगेच मानलं. माझ्याहून जास्त कुणाला कळणार होतं? त्या दिवशीही दाराबाहेर बसून ती बोलत राहिली.

माझा शेक संपला, आम्ही घरी आलो. तेव्हा तरी सांगता आलं असतं की नाही? पण मग तिनं विचारलं असतं, इतके दिवस का नाही सांगितलं. मी तिच्या तोंडाकडं बघायचंच सोडून दिलं. दिवाळीच्या सुमारास तिच्या गळ्याला गाठ दिसली, तेव्हा दीर तिला घेऊन गेले. सोबत चला म्हणाले. मी अशक्तपणा पुढं केला. डॉक्टरांनी तिला विचारलं म्हणे, इतके दिवस काय करत होतात? ती म्हणाली, तूप लावत व्हते.

मंगलला मी वाढवलं. जावेची पोर पोटच्या पोरीसारखी केली म्हणून गाव आजही माझं नाव घेतं. मी ऐकून घेते. एकदाही कुणाला थांबवलेलं नाही.

शेवटी शेवटी सुभद्राचं बोलणं कळेनासं झालं होतं, कान तोंडाजवळ न्यावा लागे. एका दुपारी तिनं मला खुणेनं बोलावलं. मला वाटलं, पाणी मागते.

“बाई, तवा नळावर... तुमाला काय दिसलं न्हवतं ना?”

“न्हाय गं,” मी म्हणाले.

तिनं डोळे मिटले. “बरं झालं. मला उगंच वाटत व्हतं, तुमाला दिसलं व्हतं.”

मला दिसलं होतं.