सुनिता मॅडमचं मनगट

रोडपालीच्या मैदानावर सुनिता मॅडम शाळेच्या मुलींना चीअरलीडिंग शिकवायच्या, आणि त्याहून जास्त उपदेश करायच्या. सरावाला उपाशीपोटी यायचं नाही. वडापाव म्हणजे नाश्ता नव्हे. पाणी प्या, वेळेवर झोपा, अंग गरम केल्याशिवाय उडी मारू नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दुखलं तर तोंड उघडायचं. लपवलेलं दुखणं दुसरीच्या हाडावर जातं, असं त्या रोज बजावायच्या.

स्वतः मॅडम चहा-खारीवर दिवस काढायच्या. उजवं मनगट नवरात्रापासून ठणकत होतं. त्यावर लांब बाह्यांचा ट्रॅकसूट हा एकच इलाज त्यांनी केला होता. डॉक्टरकडे जायला वेळ कुठला? सगळा वेळ आरोग्यावर बोलण्यातच जायचा.

अशात तुळशीराम शेठनी त्यांना बोलावून घेतलं. शेतं इमारतींखाली गेल्यापासून शेठना खेळाचं भारी वेड. दरवर्षी वडिलांच्या नावाने टेनिस बॉल क्रिकेटचे सामने भरवायचे. यंदा त्यांना टीव्हीवर असतात तशा चीअरलीडर हव्या होत्या.

"बाई, पोरींनी मानसांचा मनोरा करून दाखवला, तर सरावाच्या गाद्या माझ्याकडून."

मॅडमना रात्री झोपेतसुद्धा गाद्या दिसायच्या. मुली उघड्या मुरमाड जमिनीवर पडायच्या, कोपरं सोलून घ्यायच्या. त्यांनी लगेच होकार दिला.

फायनलच्या दिवशी प्रमिला नेमकी तापाने फणफणली. मनोऱ्यात ती खाली उभी राहायची. मॅडमनी तिला विश्रांतीचं महत्त्व समजावून घरी पाठवलं आणि तिच्या जागी स्वतः उभ्या राहिल्या.

मंडपामागे मुलींनी घाम निघेपर्यंत अंग गरम केलं, आणि सत्कार सुरू झाले. आपल्याकडे एका माणसाचं नाव राहिलं तर पुढची कितीतरी वर्षं लग्नाच्या पत्रिका बंद होतात. त्यामुळे आजी-माजी सगळ्यांना शाल-नारळ मिळाला. मग सत्कार झालेल्यांनी सत्कार करणाऱ्यांचा सत्कार केला. एका पाहुण्यांनी सोफ्यावरून माईक हातात घेऊन तरुणांच्या फिटनेसवर इतकं सविस्तर भाषण केलं, की मुली ताटात वाढून ठेवलेल्या भाकरीसारख्या गार पडल्या.

"मॅडम, पुन्हा अंग गरम करू या ना," भाविका म्हणाली. सगळ्यांत वर तीच चढायची.

"आता वेळ नाही गं."

गाणं वाजलं. भाविकाने मॅडमच्या तळहातावर पाय ठेवला, जरासा भार दिला आणि लगेच काढून घेतला.

"मॅडम, तुमचा हात नवरात्रापासून दुखतंय. मी नाय चढनार."

"चढ!" मॅडम प्रेक्षकांकडे बघून हसत, दातांतल्या दातांत म्हणाल्या.

"नाय."

मनोरा झालाच नाही. मुलींनी जमिनीवरच नाच उरकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण शेठ हिशेबाचे पक्के.

"बाई, मनोरा कुठं गेला?"

"पोरगी ऐन वेळी घाबरली," मॅडम बोलून गेल्या.

भाविका खाली मान घालून उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपला उपदेश पाळला, आणि आपण तिलाच भेकड ठरवलं! मॅडमना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"नाही शेठ, मी खोटं बोलले. ती घाबरली नाही. माझं मनगट कामातून गेलंय, कधीपासून लपवतेय. ती चढली असती तर मी तिला पाडलं असतं."

"मंग गाद्यांचा पुढच्या वर्साला बगू," शेठ म्हणाले, आणि राहिलेला एक सत्कार करायला निघून गेले.

गाद्या गेल्या. आता मुली आपल्याला हसणार, असं धरून मॅडम वळल्या. कुणी हसत नव्हतं. मनिषा खाली बसून बूट काढत होती.

"मॅडम, माझी टाच सुजलीये."

"माझा गुडघा दुखतो," मागून दुसरी म्हणाली. तिसरीने कमरेवर हात ठेवला. शेवटी भाविकाने टी-शर्टची बाही वर केली. खांदा काळानिळा पडला होता.

"अगं, मग सांगितलं का नाहीत?" मॅडम जवळजवळ ओरडल्याच. "रोज घसा फोडून सांगते ना मी?"

भाविकाने गोंधळून त्यांच्याकडे बघितलं.

"आमाला तुमच्यासारका व्हयाचा होता, मॅडम."