साहेबांच्या पूर्वजाचे चिलखत

डिसेंबर १९३१, जळगाव. हजर: प्रांतसाहेब, शिरस्तेदार नाना, मी हंगामी नाझर, आणि भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये साहेबांची वंशावळ. तिच्या माथ्यावर घोड्यावर बसलेला एक नॉर्मन योद्धा.

साहेबांनी त्याच्यावर छडी टेकवली. "नाताळात क्लबमध्ये फॅन्सी ड्रेस आहे. मी हा होणार. चिलखत पाहिजे."

नाझर म्हणजे कचेरीचे सामान आणि समारंभ सांभाळणारा. हंगामी म्हणजे कधीही परत कारकून होणारा. मला कायम करण्याचा हुकूम साहेबांच्या टेबलावर सहीविना पडून होता.

बाहेर येताच नाना म्हणाले, "चिलखत झालं की सही होईल. नाही तर तुमचं जुनं टेबल अजून रिकामंच आहे."

आधी पत्र्याचे केले. साहेब त्यात बसले आणि त्यांना उठता येईना. शिवाय चित्रात पत्रा नव्हताच, एकमेकींत गुंतवलेल्या लोखंडी कड्या होत्या. तसल्या कड्या करायला वेळ नव्हता. तेवढ्यात खिडकीतून कापसाची गाडी जाताना दिसली. बैलांच्या तोंडाला सुतळीची मुसकी होती. लांबून ती जाळी थेट कड्यांसारखी वाटत होती. चंदेरी रंग दिला की काम झाले.

मुसकी विणण्यात धरणगावच्या सखाराम आबांचा हात धरणारा कोणी नव्हता. चित्र कागदावर उतरवून मी त्यांच्याकडे गेलो.

"मी बैलसना मुसका करस, भाऊ. इंग्रजसना नही."

"सरकारी काम आहे, आबा."

"म्हनीसनच नही."

मी कागद गुंडाळू लागलो. आबांनी हनुवटीनेच चित्राकडे खूण केली. "हाऊ कोन शे?"

"साहेबांचा पूर्वज. फ्रान्सकडून समुद्र ओलांडून आला."

"मंग त्यानी काय कयं?"

"इंग्लंडवर स्वारी. इंग्रजांचा राजा लढाईत पडला."

आबांनी कागद माझ्या हातून घेतला, पुन्हा उलगडला. "इंग्रजसना मुलूख लिधा?"

"बठ्ठा," मीही त्यांच्याच बोलीत म्हणालो. "सगळाच्या सगळा."

"हाई पहिले सांगनं व्हतं ना, भाऊ. डोकानं बी करी देसू."

चिलखत आले ते अंगभर, गुडघ्यापर्यंत, डोक्याच्या टोपीसकट. नाताळच्या दिवशी पाठीवरच्या गाठी बांधायला आबा स्वतः हजर. गाठ ओढता ओढता मला म्हणाले, "हाऊ आपला मानूस शे."

"काय म्हणतो तो?" साहेबांनी विचारले.

"माप बरोबर आहे म्हणतात, साहेब."

साहेब घोड्यावरून क्लबच्या पायऱ्यांपर्यंत गेले. पहिले बक्षीस त्यांनाच मिळाले. दुसऱ्या दिवशी माझ्या हुकुमावर सही झाली. नानांनी रिकाम्या टेबलावर स्वतःच्या फायली ठेवल्या.

पूर्वज कोणाचाही असो, तो कोणाशी लढला हे आधी सांगून टाकावे. काम सोपे होते.

सहीखाली साहेबांचा एक शेरा होता: "विणणाऱ्याने इतके मन लावून काम का केले, लेखी कळवावे." साहेबांची बदली झाली, मी पेन्शनीला आलो. ते उत्तर अजून लिहायचे आहे.