गोळ्याचा निरोप

"आपण निघून गेल्यावर जो निवांत झोपू शकतो, त्याच्यावरच आपण नीट माया केलेली असते," असं ती एकदा म्हणाली होती. म्हणाली तेव्हा ती बैठकीच्या खोलीत हात आणि गुडघे टेकून उभी होती, आणि मनगटांवर, कोपरांवर, कपाळावर पट्ट्यांनी बांधलेली काळी बटणं लुकलुकत होती.

वडिलांनी पेपर खाली केला. "हे माणसाचं सांगतेस की जनावराचं?"

"गोळ्याचं."

"मग ठीक आहे," म्हणून त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला.

पहिल्यांदा तिला असं रांगताना पाहिलं तेव्हा कानातलं हरवलं असेल असं समजून तेही बिचारे कोचाखाली वाकून शोधू लागले होते. आता सवय झाली होती. लेक मुलांचा खेळ तयार करते, डोळ्यांवर जाड काळा चष्मा चढवला की त्यात एक प्राणी घरभर हिंडताना दिसतो, आणि त्या प्राण्याची प्रत्येक हालचाल आधी हिला स्वतः करून दाखवावी लागते, एवढं त्यांना समजलं होतं. बटणं तिचं अंग टिपून घेत आणि संगणक ते गोळ्याला चढवी. एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याला घालावा तसं.

गोळा कुत्रा नव्हता, मांजरही नव्हता. कान कोल्ह्याचे, पाठ मांजराची, पोट खात्यापित्या घरचं. त्याच्यावर झेप घेतली तर तो मागे सरके. हात खाली धरून थांबलं तर हुंगायला येई. कान मागे गेले म्हणजे आता पुरे. पाणी द्यायला कोणी विसरलं तर तो मरत नसे की आजारी पडत नसे, अंगणातल्या नळाशी जाऊन थेंब चाटत बसे. मुलांनी आईबापांबरोबर खेळावं, आणि खेळता खेळता समोरच्या जिवालाही मन असतं हे त्यांना उमगावं, एवढाच तिचा हट्ट. "शाळेत गाईवर निबंध लिहून घेतला," ती म्हणे, "पण गाईला विचारून हात लावायला कोणी शिकवलं नाही."

घोडं अडलं ते निरोपापाशी. चष्मा काढायची वेळ आली की गोळ्याने काय करायचं? तिच्या साहेबांना तो कळवळलेला हवा होता. हे साहेब बोलताना साखर पेरत, म्हणून वडील त्यांना घरात 'साखरपेरे' म्हणत. "ताई, मुलाचा पाय निघता कामा नये," साखरपेरे सांगत. "पाय निघाला की खेळ बसला म्हणून समजा." तिने केलेले सगळे निरोप त्यांनी नाकारले. शेवटी थकून तिने एक सहज करून टाकला, आणि तो पाहून ते आनंदाने खुर्चीतून उठलेच.

चाचणीला आलेल्या एका चिमुरडीने तो निरोप पाहिला आणि चष्मा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. आई जेवायला बोलावतेय, बाप समजावतोय, आणि पोरगी म्हणतेय, "मी गेले तर तो रडेल." साहेब खूश. लेक घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

"तो निरोप माझ्याच अंगातून निघालाय, बाबा," ती म्हणाली. "आणि दुसरा काही सुचत नाही. उद्या दुसरा दाखवला नाही तर हाच कायमचा."

"बघू दे मला."

तिने त्यांना बैठकीच्या खोलीत आणून चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला, पट्टा टकलाच्या मागे नीट बसवला. खोली तीच, कोच तोच. फक्त दाराशी गोळा बसलेला. "आता जायला वळा," ती म्हणाली. ते वळले आणि वळता वळता त्यांनी मागे पाहिलं. गोळा उठला. उजव्या पंजाने त्याने दाराची चौकट धरली, ओठ घट्ट मिटले, मान डावीकडे कलती झाली. जरा पुढे आला, पुन्हा मागे झाला.

दुकानाच्या काचेत एखादा म्हातारा ओळखीचा वाटावा आणि तो आपणच निघावा, तसं झालं त्यांना.

"अगं, हा तर मी आहे."

बहुधा तिलाही त्याच क्षणी कळलं. रोज सकाळी ती कामाला निघाली की ते असेच दारात उभे राहत. आणि तीही अशी, की गोळी घ्या, दार लावून घ्या, जेवण झाकून ठेवलंय, मी लवकर येते, खरंच लवकर येते. अर्धा जिना उतरून पुन्हा वर, पुन्हा तेच. आई गेल्यापासून हे चाललं होतं. त्या घरात निघणं म्हणजे जणू गुन्हाच होऊन बसला होता.

"रोज तुमचा तो चेहरा घेऊन मी बसमध्ये चढते," ती अखेर म्हणाली.

"कसला चेहरा? गुडघा दुखतो माझा."

"काय?"

"सकाळी आखडलेला असतो. चौकट नाही धरली तर तोंडावर आपटेन. आणि ओठ मिटले नाहीत तर तोंडून जे निघेल ते शेजारी ऐकतील."

"मग उभे कशाला राहता?"

"तू एवढा लांबलचक निरोप घेतेस, तो काय बसून ऐकू? बरं दिसतं का ते?"

ती बघतच राहिली. मग हसायला लागली, आणि हसणं थांबेना तेव्हा ओढणीने डोळे पुसले.

"जन्मभर लिफ्ट चालवली मी," ते म्हणाले. चष्मा अजून डोळ्यांवरच होता. तो काढून तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. "माणूस आत आला, मजला आला, बाहेर पडला. 'येतो' म्हणून कोणी सांगितलं नाही. मी काय प्रत्येकासाठी गळा काढला? दार ओढायचं, स्टुलावर बसायचं, डुलकी काढायची."

हे अर्धंच खरं होतं. गुडघा दुखायचा, पण ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते खिडकीशी उभे असत, आणि तिथे त्यांना गुडघ्याची आठवणही येत नसे. पण बापाने लेकीला सगळं खरं सांगितलंच पाहिजे असं कुठे आहे? काही खोटं शालीसारखं असतं, गार वाऱ्यात दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायचं.

"ती डुलकी दाखवा," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. हात पुढे करा."

तिने त्यांचा चष्मा उतरवला आणि पिशवीतून आपली बटणं काढून त्यांच्या अंगावर बांधली. लग्नाला निघालेल्या नवऱ्यामुलासारखे अवघडून ते स्टुलावर बसले. "मला कोल्ह्याचे कान नाहीत," ते कुरकुरले. "ते मी लावते," ती म्हणाली. मग ती दारापर्यंत गेली. त्यांनी हनुवटी थोडी उचलली, एक डोळा किलकिला करून कोण चाललंय ते पाहिलं, लांब श्वास सोडला आणि मान पुन्हा छातीवर टेकवली.

दुसऱ्या चाचणीला त्याच चिमुरडीने आपल्या हाताने चष्मा काढला आणि बापाला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. "हळू. झोपलाय तो." आणि शहाण्यासारखी जेवायला गेली. साखरपेऱ्यांचं तोंड उतरलं. "झोपणाऱ्याकडे परत कोण येणार, ताई?" पण दुसऱ्या दिवशी पोरगी बापाचं बोट ओढत दारात हजर. "उठला का तो?" साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "बरं, झोपू दे त्याला," ते म्हणाले.

हे सगळं तिने रात्री जेवताना वडिलांना सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले आणि भाजी पुन्हा वाढून घेतली.

सकाळी ती पिशवी घेऊन बाहेर आली तेव्हा ते कोचावर होते. तिचे ओठ उघडले. गोळी, दार, जेवण सगळं जिभेवर रांगेत उभं होतं. त्यांनी घाईघाईने डोळे मिटले आणि मान छातीवर टाकली. उठावंसं फार वाटत होतं. पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला, मग चपलांचा, मग काहीच नाही.

त्यांनी एक डोळा किलकिला केला, एकच.

ती दारात उभी होती, त्यांच्याकडे बघत, उजव्या हाताने चौकट धरून. मग तिने हात काढला, आणि काही न बोलता बाहेर पडली.